रेषेबाहेरचा ठिपका

शुक्रवार, ९ ऑक्टोबर १९८७
इस्पितळ, खालच्या मजल्यावरचं बाकडं

प्रिय विनोदिनी,

तू वरच्या मजल्यावर आहेस, मी खाली, आणि तरी तुला पत्र लिहितेय. वेड लागलंय म्हणशील. लागलंही असेल. रविवारी बाळंत झाले तेव्हापासून नीट झोपसुद्धा नाही. मांय, म्हणजे माझ्या सासूबाई, कपडे आणायला डिचोलीला गेल्यात. दुपारच्या बसने परत येतील. त्या यायच्या आत मला हे संपवायचंय.

सकाळी काचेतून बाळाला पाहिलं. काल सुई टोचली तेव्हा निदान तोंड वेडंवाकडं केलं होतं त्याने. आज तेवढंही केलं नाही. ताप उतरलेला नाही, दूध ओढत नाही, आणि सिस्टर माझ्याशी फार गोड बोलायला लागलीय. मला फार भीती वाटते गं. बाराव्या दिवशी नाव ठेवायचं म्हणून अजून त्याला नावसुद्धा नाही, मग देवापाशी मागताना म्हणायचं तरी काय?

पेडण्याच्या शाळेतली तुझी आलेखाची वही आठवते? वर्गातल्या सगळ्यांची उंची मोजून तू ठिपके मांडले होतेस. माझा ठिपका सगळ्यांत खाली आला म्हणून मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. तुला तेव्हा वाईट वाटलं नाही, उलट पुन्हा मोजून बघूया म्हणालीस. परवा तुझ्या टेबलावर तसाच कागद पाहिला आणि एवढ्या काळजीतही मला हसू आलं. गोव्यातल्या बाळांसाठी तू औषधाचा तक्ता करतेस, हे तू मला किती नीट समजावलंस. बाळ म्हणजे लहान आकाराचा माणूस नव्हे, मोठ्याचं औषध वजनाने भागून चालत नाही. नवव्या महिन्यात जन्मलेल्याचं मूत्रपिंड औषध लवकर बाहेर टाकतं, म्हणून त्याला हे इंजेक्शन दिवसातून दोनदा. सातमाशाचं मूत्रपिंड कच्चं असतं, औषध अंगात साठून राहतं, कान जाऊ शकतात, म्हणून त्याला एकदाच. तू कान म्हणालीस तेव्हा मी घाबरून त्याच्याकडे पाहिलं होतं.

मग तू म्हणालीस, तुझ्या बाळाचा ठिपका माझ्या रेषेवर बसत नाही. रक्तात औषध हवं तेवढं टिकतच नाही, पुढच्या इंजेक्शनच्या कितीतरी आधी संपून जातं. तपासणी चुकली असेल म्हणून तू पुन्हा रक्त घेतलंस. त्याच्या पायाचा तळवा उलटून पाहिलास, कानाची पाळी दुमडून पाहिलीस. दोन किलो वजन सातमाशाला शोभतं, पण तळव्यावर एवढ्या रेषा कशा, असं पुटपुटलीस. मांयनी तुला पुढे बोलूच दिलं नाही. ‘सात म्हयन्यांचोच तो, दोतोर. फाल्गुनांत लग्न जालां, तुमीच मेजून पळयात.’ महिने तुम्हीच मोजून बघा म्हणे. त्यांच्यावर रागावू नकोस. त्या मनापासून बोलतात. हे सातमाशी पोर मी जगवून दाखवीन, असं त्यांनी सगळ्या वाड्यावर सांगितलंय आणि जेवण सोडल्यासारखंच केलंय.

आमचं लग्न खरं तर डिसेंबरात व्हायचं होतं. पत्रिकासुद्धा वाटून झाल्या होत्या. भाषेच्या आंदोलनात झाडं पाडून रस्ते अडवले, वऱ्हाड डिचोलीहून आमच्या केरीला यायचं कसं? बाबांनी अंगणात घातलेला लग्नाचा माटव उतरवला. मग पौष लागला आणि मुहूर्त थेट फाल्गुनात गेला. त्या दिवसांत रस्ते मोकळे झाल्यावर गौरेश मोटारसायकलवरून यायचे. कधी लग्नाच्या साड्यांचं निमित्त, कधी नुसतीच खुशाली. आम्ही फेरीबोटीने तेरेखोलला जायचो. घरच्यांनी अडवलं नाही, ठरलेलंच तर आहे म्हणाले. आम्हालाही लग्न झाल्यासारखंच वाटत होतं.

बुधवारी तू मला एकटीला बाजूला घेतलंस. ‘क्षमा, तारखा नीट आठवून सांग, माझं औषध त्यावर चाललंय,’ म्हणालीस. माझ्या खांद्यावर हात होता तुझा. आणि मी तुझ्या तोंडाकडे बघून म्हटलं, मांय सांगतात तेच. तुझ्याशी मी आजवर एवढं मोठं खोटं बोलले नव्हते. काल गौरेशना म्हटलं, सांगून टाकूया. ते म्हणाले, आई कोलमडेल, दोन दिवस बघू. त्यांना खाणीच्या ऑफिसात रजा मिळत नाही, ते सकाळीच गेले. दोन दिवस कोणाकडे आहेत, विनोदिनी? त्या काचेच्या पेटीतल्याकडे नाहीत.

म्हणून लिहितेय. तुझी रेषा बरोबर आहे, तपासणीही बरोबर आहे, खोटी मी आहे. माझी शेवटची पाळी नाताळानंतरच्या सोमवारी आली, एकोणतीस डिसेंबरला. बाळ पूर्ण नऊ महिन्यांचं आहे, फक्त अंगाने लहान. पाच दिवस तू त्याला सातमाशाचं औषध देतेयस, ते माझ्या अब्रूपायी. आज सकाळी दहा वाजता एक इंजेक्शन झालंय. उद्या दहापर्यंत थांबू नकोस, तुझ्या हिशोबाने आज जे द्यायचं ते दे. हे पत्र मी सिस्टरकडे देत नाही, स्वतः जिना चढून तुझ्या हातात देणार आहे, कारण तोंडाने सांगायला गेले तर पुन्हा खोटंच निघेल अशी मला धास्ती आहे. औषध दिल्यावर संध्याकाळच्या फेरीला मांय असतील, तेव्हा मला सगळ्यांसमोर पुन्हा विचार, बाळ कितव्या महिन्यातलं. त्यांच्या आधी मी उत्तर देईन.

तुझ्या बाकावर बसणारी, तुझीच
क्षमा