मॅनिफोल्ड मी घरीच काढतो

४ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी १०.
ट्रकच्या इंजिनातून टकटक, केबिनमध्ये धूर. मेहुण्याला दाखवला. बायकोचा सख्खा भाऊ, अठरा वर्षं माझ्या गाडीचा मेकॅनिक. म्हणाला, दाजी, इंजिनाचा धूर बाहेर नेणारं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लीक आहे. तोंड वाकडं झालंय, मशीनवर घासून आणतो, सांध्यात नवी पॅकिंग टाकतो, गुरुवारी न्या.

गुरुवारी! चार नट असतील फार तर. घरचा माणूस आणि मलाच बनवतो! गाडीकडे फिरकूही नकोस म्हणालो आणि परत आणली.

रविवारी मुलगी नोकरीच्या गावी बिऱ्हाड हलवतेय. सामान बापाच्याच ट्रकमधून जाणार, हा माझा शब्द. मॅनिफोल्ड घरीच काढतो. संध्याकाळी गाडी तयार. मुलीला छाती ठोकून सांगितलं. ती चपला घालून बाहेर गेली. मैत्रिणींना सांगायला गेली असेल.

संध्याकाळी ७. नट चार नाहीत, बारा आहेत. मेहुण्याने हे लपवलं.

५ फेब्रुवारी, मंगळवार.
बायकोने भावाचा निरोप आणला: नट गंजलेत, तेल सोडून रात्रभर मुरू द्या. म्हणजे ही रोज माहेरी बातम्या पुरवते. घरभेदी!

पान्याला पाईप लावला आणि पाईपवर उभा राहिलो. कट्ट आवाज आला. सुटला, म्हणून ओरडलो. नट ज्यावर बसतो तो स्टड तुटला होता. अर्धा हातात, अर्धा इंजिनात. लोखंडावरही विश्वास ठेवायची सोय राहिली नाही.

६ फेब्रुवारी, बुधवार.
आणखी दोन स्टड तुटले, पण मॅनिफोल्ड निघालं! दाखवायला स्वयंपाकघरात नेलं, ओट्यावर ठेवलं. काजळी सांडली. बायको काय बोलली ते इथे लिहीत नाही.

तोंड सपाट आहे का बघायला पट्टी लावली. खालून उजेड दिसतो. पट्टी वाकडी असणार. मुलीची शाळेतली आहे.

७ फेब्रुवारी, गुरुवार.
नवी पॅकिंग हे सगळं थोतांड. जुनीच लावली, वर फट बुजवायच्या पेस्टचा जाड थर. तीन स्टड नाहीत, नऊ नटांत भागवलं. मेहुणा नेहमी सांगतो, मधले नट आधी, मग बाहेरचे. मी दोन्ही टोकं आधी आवळली. चादर अंथरताना कोणी मधून सुरुवात करतं का?

दुपारी ४.१०. सुरू केला. टकटक बंद! बायकोला मुद्दाम बाहेर बोलावलं.
४.२१. पेस्ट जळाली. बायको अजून आत गेलेली नव्हती.

८ फेब्रुवारी, शुक्रवार.
टकटक नाही, आता फडफड येते. आवाज बदलला म्हणजे रोग हलला. अजून आवळलं. मॅनिफोल्डला तडा गेला.

मेहुणा एकदाही आला नाही. फिरकू नकोस असं मीच म्हणालो होतो, पण म्हणून कोणी खरंच फिरकत नाही? अठरा वर्षांचं हे फळ.

९ फेब्रुवारी, शनिवार.
गॅरेजवर गेलो. मदत मागायला नाही, सहज. बंद होतं. शेजारचा टायरवाला म्हणाला, उद्या पहाटे टेम्पो घेऊन भाचीचं सामान पोचवायचंय, म्हणून लवकर घरी गेले.

कुठली भाची, हे मी विचारलं नाही. त्याला भाची एकच आहे.

१० फेब्रुवारी, रविवार.
टेम्पो दारात, स्टेअरिंगवर मेहुणा. हे कधी ठरलं, म्हणून गरजलो. मुलगी म्हणाली, सोमवारी, सव्वादहाला.

सोमवारी सव्वादहाला मला अजून पानासुद्धा सापडला नव्हता! बायको, मेहुणा आणि पोटची पोर, तिघांनी मिळून केसाने गळा कापला. सहा दिवस एकानेही ब्र काढला नाही. उलट पोरगी रोज विचारायची, बाबा, कुठवर आलं? आणि मी रोज सांगायचो.

सामानाला हात लावायचा नाही, असा निश्चय केला. पण मेहुण्याने तिचं कपाट आडवंतिडवं धरलं, ते बघवेना. चढवून दिलं. दोरी पण मीच बांधली. टेम्पोत पुढे दोघांपुरतीच जागा. मेहुणा आणि ती गेले.

११ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ८.
मुलीचा फोन. पोचली, सामान लागलं, खोली बरी आहे. ट्रकचं काही विचारेना. शेवटी मीच सांगितलं, जवळजवळ झालाच आहे. ती म्हणाली, बाबा, माझं सामान पोचलं ना आता. आता तरी मामाला बोलवा.

फोन बायकोच्या हातात दिला आणि मागे ट्रकपाशी येऊन बसलो. रडू आलं. आठवडाभर एवढा धूर नाकातोंडात गेल्यावर कोणालाही येईल.