शेजारच्या सीटवरून पाहिलेलं शहर

प्रिय गुरुबंधू,

सप्रेम नमस्कार. इकडे आम्ही उभयता ठीक, तिकडे तुम्ही सगळे ठीक असालच. तुझा गुडघा काय म्हणतो? (माझा जे म्हणतो ते कागदावर उतरवण्यासारखं नाही. चोवीस वर्षं शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून आपल्या बाजूचा ब्रेक दाबला की दुसरं काय होणार.) वहिनींना नमस्कार. तुझं ड्रायव्हिंग स्कूल आणि माझं, यांच्यात अवघे दोन चौक, तरी मी पत्र लिहितोय. यावरून प्रकरण तोंडावर बोलण्यासारखं नाही हे तू ओळखलं असशील.

झालं असं की, ही पंधरा दिवस मागे लागली होती, शनिवार-रविवार शहरात जाऊन येऊ. उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे आपल्या धंद्याचा ऐन हंगाम, कॉलेजची पोरं दाराशी रांग लावतात, हे मी तिला समजावलं. तिनं आधी हॉटेलची खोली ठरवली आणि मग मला समजावलं. अट एकच, दोन दिवस कोणाला काही शिकवायचं नाही. मी कबूल झालो. स्टेशनाबाहेर टॅक्सी केली आणि सवयीनं पुढे बसलो, तिथेच फसलो. पहिल्या वळणाला माझा पाय आपोआप खाली गेला. तिथे पेडल नव्हतं, नुसतं रबरी मॅट होतं. चौथ्या वळणापर्यंत मॅटची घडी झाली. चालक सज्जन होता, त्यानं काळजीनं विचारलं, काका, पायाला मुंग्या आल्यात का. मी हो म्हणालो. मागे बसलेल्या हिचा चेहरा मला आरशात स्वच्छ दिसत होता. (आरसा मी माझ्याकडे कधी वळवून घेतला ते खरंच आठवत नाही.)

खोली चौथ्या मजल्यावर, हवेशीर, पण खिडकी नेमकी पार्किंगवर उघडणारी. ही म्हणाली, बसा जरा, बोलायचंय. मी बसलो. तेवढ्यात खाली एक लांबलचक पांढरी गाडी दोन खांबांच्या मधे मागे येऊ लागली. तू माझ्या जागी असतास तर बसून राहिला असतास का, प्रामाणिकपणे सांग. मी खिडकीतून अर्धा बाहेर वाकून डावीकडे, अजून, अजून, आता सरळ, असं करत गाडी लावून घेतली. चालवणाऱ्या बाईंनी उतरून वर बघून हात केला. मी खुशीत मागे वळलो तर ही दिवा मालवून भिंतीकडे तोंड करून पडलेली. रात्री जेवताना तिनं पुन्हा विषय काढला, पण तेव्हा मी मीठदाणी आणि दोन पेले मांडून तीच गाडी एका दमात कशी लागली असती ते वेटरला दाखवत होतो.

रविवारी तिनं शहर दाखवणाऱ्या बिनछताच्या दुमजली बसची तिकिटं काढली. वरच्या मजल्यावरून चालक दिसत नाही, हा तिचा बेत. ऊन असं की लोखंडी कठडा हाताला चटका देत होता. पुलाच्या अलीकडे सिग्नल बंद पडलेला आणि चारी बाजूंच्या गाड्या एकमेकींच्या अंगावर आलेल्या. ही माझ्याकडे वळली, तिनं वाक्य सुरू केलं, आणि मी म्हणालो, एक मिनिट. ते मिनिट वीस मिनिटांचं झालं. चौकाच्या मधोमध उभा राहून मी एकेक गाडी मोकळी केली. लोकांनी ऐकलं, अरे, शिकवणीच्या पोरांपेक्षा जास्त ऐकलं. सगळ्यात आधी बाहेर काढली ती मोठी दुमजली बस, कारण तिच्यामुळेच सगळं अडलं होतं. मीच हात दाखवून सोडली. वरच्या कठड्यापाशी हिचा चेहरा पुढे सरकत गेला तेव्हा मला समजलं की ती आपली बस.

माझा फोन हिच्या पर्समध्ये. विचारत विचारत शेवटच्या थांब्यावर पोचलो आणि तीन तास इकडून तिकडे येरझारा घातल्या. माफीची चार वाक्यं जुळवली, चारही मोडली. शेवटी बस आली. ही उतरली ती नाक लाल झालेलं, डोक्यावर नवी टोपी, कुणा अनोळखी बाईशी हसत. माझ्यासमोर येऊन शांतपणे म्हणाली, "आज पहिल्यांदाच मी निवांत बसून रस्ता बघितला. एरवी तुमचा पायच बघत असते." मी काही बोलणार तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "मला गाडी शिकायचीय. पण तुमच्याकडे नाही."

लग्नाच्या पहिल्या वर्षी मी तिला शिकवायला घेतलं होतं, तुला ठाऊक आहे. अकरा मिनिटं टिकलं. बारावं मिनिट लागायच्या आत ती गाडीतून उतरून चालत घरी गेली. हा किस्सा मी प्रत्येक नव्या बॅचला पहिल्याच दिवशी सांगतो आणि पोरं पोट धरून हसतात. त्या थांब्यावर तो मी मनातल्या मनात पुन्हा सांगून पाहिला. हसू आलं नाही. परतीच्या गाडीत मी घर येईपर्यंत पाय मांडीखाली घेऊन बसलो.

कळावे, लोभ आहेच, तो असाच असू दे.
तुझा गुरुबंधू

ता. क. – हिला तू शिकव. मी सांगितलं हे तिला कळू देऊ नकोस. चुकली तर ओरडू नकोस. (तू ओरडत नाहीस असं माझ्याकडून तुझ्याकडे गेलेली पोरं सांगतात. ती सात आहेत.)

आणखी एक ता. क. – पाकिटावर तुझं नाव टाकताना ही मागे उभी होती. म्हणाली, पोस्टात कशाला टाकता, मी सकाळी सातला त्यांच्याकडेच जाते, तीन आठवडे झाले. (मी समजत होतो, फिरायला जाते.) हेच सांगायला तिनं मला शहरात नेलं होतं, थांब्यावर त्यातलं अर्धंच सांगितलं. म्हणजे परवा भेटलास तेव्हा तू अर्धा तास टायरांवर का बोलत होतास ते आता उमगलं. रागावलेलो नाही. थोडा आहे. तर हे पत्र तीच तुझ्या हातात देईल. तिच्या परीक्षेची तारीख ठरली की कळव. मी येणार नाही. नुसतं कळव.