ऑर्व्हलची सरावाची रायफल

४ एप्रिल
पुन्हा तोच विषय! अंडी गार झाली तरी ऑर्व्हलचं कॅलिबर-पुराण चालूच. मार्चमध्ये खांद्याचा सांधा बदलला, हात अजून गळ्यात बांधलेला — पण सरावासाठी रायफल कोणत्या कॅलिबरची, म्हणजे किती जाड गोळीची, घ्यायची ते आत्ताच ठरवायचंय म्हणे. त्याची स्पर्धेची रायफल, थ्री-नॉट-एट, घोड्यासारखी लाथ मारते. सरावाला हलकी हवी.
म्हटलं, "आधी शर्टाची बटणं लावायला शिक."
"त्याला तू आहेस की!"
डांबरट.

पण खरं सांगायचं तर बरं वाटलं. महिनाभर खिडकीशी गप्प बसून होता. नेमबाजीशिवाय हा माणूस जगेल कसा, याचीच मला धास्ती.

९ एप्रिल
मर्विन रायफली दुरुस्त करतो, ऑर्व्हलचा शाळेपासूनचा दोस्त. आज तीन रायफली ठेवून गेला, पारखायला. झाडणार कोण? "तू झाड, मी बघतो," ऑर्व्हल म्हणाला.
मी! सव्वीस वर्षं मी त्याच्या शेजारी पालथी पडून दुर्बिणीतून वारा सांगत आले. चाप ओढायचं काम त्याचं.

११ एप्रिल
मैदानावर. आधी सगळ्यात हलकी, टू-टू. धक्का कसला, शिंक नुसती! पण दोनशे यार्डांवर वाऱ्याने गोळी अशी ढकलली की पत्र्याच्या लक्ष्याऐवजी पलीकडची धूळ उडाली.
मर्विन म्हणाला, "लोरीन, लक्ष्य मधलं आहे बरं का!"
"हसू नकोस रे," ऑर्व्हल म्हणाला. "वारा शिकवायला या टू-टूसारखी मास्तरीण नाही. पण स्पर्धेच्या सहाशे यार्डांवर हिचा काय उपयोग?"
मग दुसरी, सिक्स पॉइंट फाइव्ह. लोण्यासारखी! तिलाही नकार — रोजच्या सरावात नळी लवकर झिजते म्हणे.

१२ एप्रिल
हट्टाने ऑर्व्हलची थ्री-नॉट-एटही झाडून पाहिली. खांदा काळानिळा. ऑर्व्हलने बर्फ लावला, एका हाताने.

२० एप्रिल
मर्विनची तिसरी, टू-ट्वेंटी-थ्री. सहाशे यार्ड. आज दुर्बीण त्याच्याकडे.
"उजवीकडून वारा. थांब... गवत बघ, पडतोय... आता!"
झाडली. सगळं शांत. मग लांबून — टण्ण!
मी किंचाळले. ऑर्व्हलच्या डोळ्यांत पाणी. धूळ गेली म्हणाला.
धक्का कमी, पल्ला पुरेसा, वारा नीट शिकवते. ठरलं. घरी येऊन आंबटगोड सारणाचा रूबार्ब-पाय ओव्हनमध्ये केला. दोघांनी अख्खा संपवला!

६ मे
गळ्यातला हात सुटला. बटणं तरी मीच लावते.

२९ मे
मर्विनकडून नवी रायफल आली, थेट मैदानावर. "धरून बघ," म्हणाला. खांद्याला टेकवायचा दस्ता माझ्या खांद्यात अचूक बसला. त्याच्या लांब हातांना तो चांगलाच आखूड.
"मर्विनने माप चुकवलं!" मी ओरडले.
"नाही गं, लो. माप तुझंच दिलं होतं. डॉक्टर मार्चमध्येच म्हणाले — या खांद्याला आता कुठलाच दस्ता लावायचा नाही. लहान नाही, मोठा नाही."
त्याने दुर्बिणीचं झाकण काढलं.
"पड पालथी. वारा डावीकडून आहे."