हिरव्या गावाचं निरंक

मंगळवार, ऑफिसातून आल्या आल्या

आज पुन्हा त्या गावापुढं निरंक भरलं. म्हणजे कोरोनाचे रुग्ण शून्य. जिल्ह्याच्या नकाशावर गाव हिरवं झालं, साहेब खूश.

चितेगावच्या पुढचं गाव. तिथल्या आशा सेविका मंदाताई रोज फोनवर मला आकडा सांगतात. परवा म्हणाल्या, "मॅडम, घरोघर लोक खोकायलेत. पण किटच नाय, तर तपासू कशानं? निरंकच लिहा." लिहिलं. रकान्यात आकडाच बसतो, खोकला कुठं लिहू? आणि किट जातात लाल गावांना. हिरव्याला कशाला हवेत? वाटपाची यादी तर मीच काढते. हे तेव्हाच कसं सुचलं नाही मला? की सुचलं होतं, आणि...

आज फोन त्यांच्या नवऱ्यानं केला. "मंदा तापानं फणफणलीय, मॅडम. उठंना. पण पाच वाजायच्या आत आकडा कळवा म्हणली."

"किती?" मी सवयीनं विचारलं.

"तपासणी कुठं झालीय? निरंक."

मी शून्य भरलं. गाव हिरवं झालं. आणि वर त्यांना म्हणाले, वेळेवर कळवलंत, धन्यवाद.