पेजेचा नारळ

३ नोव्हें.
देवळामागे पाण्याच्या टाकीचा खड्डा खणताना सापळे निघाले. नऊ, त्यात पाच मुलांचे. पणजोबांच्या काळी खालच्या वाडीतली माणसं साथीत मेली ती इथेच पुरली, असं गाव सांगतं. कॉलेजात मी हाडंच शिकवते, म्हणून फोन मला. रजा टाकून आले.

६ नोव्हें.
ओरोसच्या जिल्हा कचेरीतून हाडं तपासायची परवानगी आली, पण देवाला विचारायला हवंच. बाबा मानकरी, त्यांनीच कौल लावला. पाकळी उजवीकडून पडली, म्हणजे होकार. बाबा खूश. "खुशाल न्हे गो. आणि लिव, दुकाळाची तीन वर्सां आमच्या घराण्यान वाडयेक पेज घातली. साथीन मेली, भुकेन कोण मराक नाय." त्या पेजेपायी वाडी दर जत्रेला पहिला नारळ आमच्या घराला देते. लहानपणी ते खोबरं मीच खायचे.

१४ नोव्हें.
सर्वांत लहान मूल. दातांवरून वय सहा, मांडीच्या हाडावरून तीन. वाढच खुंटलेली. दातांवर आडव्या रेघा, एकाखाली एक. मूल उपाशी राहिलं की दात वाढायचा अडतो, रेघ उरते. पाचही मुलांची तीच गत. मारलं साथीनेही असेल, पण त्याआधी कित्येक महिने पोटात काही नव्हतं. कसली पेज नि कसलं काय! इतका राग आला की हातातला दात खाली ठेवला.

१५ नोव्हें.
वाडीतली पार्वतीकाकी हाडं बघायला आली. तिला रेघा दाखवल्या. जराही नवल नाही.
"आमच्या घरात सांगत. भात तुमच्या कणगीत होता."
मग दरवर्षी नारळ कशाला आणतेस?
"नारळ आणूक नाय तर गावात रवाचा कसा?"
लाज वाटली. चहा विचारायचंही सुचलं नाही.

२० नोव्हें.
बाबांना सांगायला बसले. "बाबा, त्या दातांचं..." एवढंच झालं, त्यांनी अडवलं. "माका नको, जत्रेक सगळ्यांसमोर वाच. वाडयेक पण कळांदे." भित्री आहे मी. भात वाढून घेतला आणि जेवले.

२४ नोव्हें., जत्रा
दोन कागद लिहिलेत. एकात: साथीनं मेली नाहीत असं हाडांवरून म्हणता येत नाही. खरं आहे, आणि कुणालाच झोंबणार नाही. दुसऱ्यात रेघा. दोन्ही पर्समध्ये.
पार्वतीकाकी नारळ घेऊन देवळाच्या पायरीवर केव्हाची बसलीय. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातलाय. आत्ताच हाक आली, "गो, येतंस मां? माईक चालू झालो."