एकही खड्डा नाही

बुधवार, ११ फेब्रुवारी

बाबांच्या गिरणीच्या आठवणींच्या पन्नास प्रती आज छापून आल्या. तिसऱ्या पानावर त्यांचं सगळ्यात अभिमानाचं वाक्य आहे, 'एकतीस वर्षांत मी एकही खाडा केला नाही.' छापलंय, 'एकही खड्डा केला नाही.'

शेजारच्या सावंतकाकांनी ते मोठ्याने वाचलं. "काय रे, गिरणीत होतास की म्युनिसिपालिटीत?" बाबाही हसले. जरा जास्तच हसले.

ऑनलाइन शोधलेल्या मुद्रितशोधक बाईंना मेसेज केला. उत्तर लगेच आलं. "खाडा म्हणजे गैरहजेरी, हे मला माहीत नव्हतं. टायपिंगची चूक वाटली. पण मॅडम, सगळे बदल तुम्हीच मंजूर केलेत."

खरं आहे. दोनशे बारा बदल मी एका क्लिकमध्ये मंजूर केले. ऑफिसात दुसऱ्याच्या कोडची एक ओळही मी न वाचता पुढे जाऊ देत नाही. इथे मात्र बाईंचे पाच स्टार बघितले आणि पुरे झालं. सावंतकाका बाबांच्याच खात्यात होते. त्यांना एकदा वाचायला दिलं असतं तर? सुचलंसुद्धा नाही. खड्डा. एकही खड्डा.

जेवताना बाबा म्हणाले, "शिकलेल्या बाईने बदललंय म्हणजे काहीतरी असेल. खाडा अशुद्ध आहे काय गं? आम्ही इतकी वर्षं चुकीचंच बोलत होतो?"

"नाही बाबा, तिची चूक आहे."

तिची. मी तेवढंच म्हटलं, आणि त्यांनी लगेच विश्वास ठेवला.