वर कोन हाय?

३ एप्रिल १९४४, परभणी

आजपासून मी डेपोचा टाइमकीपर! पाथरीच्या मोटारीतून उतरलो तो थेट मामांच्या मिठीत. व्यंकटरावमामा इथल्या मोटार डेपोचे मॅनेजर. आई गेली तेव्हा हे तेराव्यालासुद्धा फिरकले नव्हते. मी माणूस वाईट नाही, पण केलेलं विसरत नाही. आज मात्र सगळ्यांदेखत त्यांनी स्वतःची शिट्टी माझ्या गळ्यात घातली आणि म्हणाले, बन्सीधर, आता गाडी सुटेल ती तुझ्या शिट्टीवर. म्हटलं, जाऊ दे, मामा तो मामाच. रात्री पुरणपोळी. जेवताना मामांनी कस्तुराच्या लग्नाचा विषय काढला आणि माझ्याकडं बघून हसले. मामाच्या पोरीवर भाच्याचाच हक्क. मी तूप अंमळ जास्तच ओढलं.

५ एप्रिल

काम झकास आहे. उजाडताच गाड्या झाडायच्या, वंगण द्यायचं, हवा बघायची. इंजिनांत पाणी भरायला धुरपदाबाई नावाची विधवा आहे. मग एकेक गाडी बाहेर: जिंतूर, पाथरी, गंगाखेड. एक गाडी दिवसभर गावातच फिरते, स्टेशन ते कचेरी. ती चुकली की वकील लोक पायी कोर्टात जातात आणि आमच्या नावानं शिमगा करतात. लढाईमुळं पेट्रोलची बोंब, म्हणून शेडच्या उताराचा उपयोग करतात. ड्रायव्हरनं ब्रेक सोडला की गाडी आपसूक निघते आणि फाटकाशी इंजिन धरतं.

शेडमध्ये एक लांबट खड्डा आहे. गाडी त्यावर उभी करून मिस्त्री खालून काम करतो. शिट्टीआधी काठाशी वाकून विचारायचं, "खाली कोन हाय?" खालचा माणूस वर येऊन म्हणणार, "कोनी न्हाई." मगच शिट्टी. चंद्रभान ड्रायव्हरनं हे मला शाळामास्तरासारखं दोनदा घोकून घेतलं. मी मॅनेजरचा भाचा आहे हे त्याला कुणी सांगितलं नसावं.

धुरपदाबाई माझ्याशी बोलताना तोंडाकडं बघत नाही, शिट्टीकडं बघते.

९ एप्रिल

आज चंद्रभाननं माझ्या तोंडावर हात ठेवला. तोही ग्रीसनं बरबटलेला!

झालं असं. भर दुपारची वेळ, खड्ड्यावर जिंतूरची गाडी. खाली कुणी नाही हे दिसत होतं, तरी रीत म्हणून हाक दिली. तर खालून घोगरा आवाज आला, "वर कोन हाय?" कुणीतरी थट्टा करतोय असं वाटलं. 'मी बन्सीधर' म्हणायला तोंड उघडलं आणि या गड्यानं ते दाबून धरलं. म्हणाला, नाव सांगू नका मालक, नाव कळलं की तो येतो. कोण येतो विचारलं, तर बोनेट उघडून त्यात डोकं घातलं. सगळे बघत होते.

मी त्याला महिनाभर जिंतूरच्या धुळीत घातलंय. खा म्हणावं.

१४ एप्रिल

आवाज रोज येतो, भर दुपारी, खड्डा रिकामा असताना. मामांना सांगितलं तर म्हणाले, हवेचा घुमारा आहे. मग सहज बोलल्यासारखं म्हणाले, विचारतोय तर देऊन टाकायचं उत्तर, त्यात काय घाबरायचं. पण ते स्वतः शेडमध्ये पाऊल टाकत नाहीत. फाटकाकडं जायचं तर विहिरीला वळसा घालून जातात.

शेवटी धुरपदाबाईला गाठलं. तिचा नवरा लिंबाजी इथं मिस्त्री होता. दिवाळीत एका साहेबाला आगगाडी गाठायची होती. मामांनी हाक न देताच शिट्टी मारली. लिंबाजी खड्ड्यात उभा होता, डोकं गाडीच्या सांगाड्यात घालून. गाडी त्याच्यावरून सुटली. मामांनी लिहून दिलं की तो पिऊन पडला होता.

"आयुष्यात थेंब घेतला न्हवता त्यानं," ती म्हणाली. "तो शिट्टीवाल्याला हुडकायलाय."

मी विचारलं, मग तूच का नाही सांगितलंस त्याला नाव?

"माझ्या जिभंनं मानूस मारायचा न्हवता मला."

१६ एप्रिल

शिट्टी परत द्यायला गेलो. मामांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले. इतका मोठा माणूस, आणि हात मागं! म्हणाले, असू दे रे, तुलाच शोभते. पुन्हा कस्तुराचं लग्न, पुन्हा पुरणपोळी.

आता सगळं लख्ख कळलं. मरीआईला बोकड सोडतात तो असाच खाऊपिऊ घालून, गळ्यात माळ घालून. मामांना भाचा नको होता, शिट्टी अडकवायला एक गळा हवा होता. नवखा माणूस, विचारलं की नाव सांगून मोकळा होणार. मागं रडायला आई नाही, बाप नाही. म्हणून मी आठवलो.

माझ्या अंगाची लाही लाही होतेय. आईच्या तेराव्याचंही आता मी माफ करत नाही.

१८ एप्रिल

शिट्टी पेटीत कुलपात ठेवतो. सकाळी गळ्यात असते, ओली, वंगणाच्या वासाची. काठाशी वाकलो की खालून कुणी बाही ओढतं. आज बाही फाटली.

धुरपदाबाईनं एकच मागणं मागितलं. परवा वरचे साहेब मुआयन्याला, डेपो तपासायला येणार आहेत. त्यांच्यासमोर, खड्ड्याच्या काठावर, खरं सांगा. "त्याला दारुडा म्हनले, तेवढं पुसा. मग तो निजंल." तिच्या घागरीवर हात ठेवून शब्द दिला.

दिला खरा. पण नुसतं सांगून मामांचं काय बिघडणार? साहेब आणि मामा एका ताटात जेवतात.

२० एप्रिल

मुआयना झाला.

साहेब हातरुमालानं खड्डा पुसून बघतात म्हणे. त्यांची मोटार फाटकाशी आली तेव्हा मामा घाबरून स्वतःच चिंधी घेऊन खाली उतरले. वर जिंतूरची गाडी, चंद्रभान ब्रेकवर. सगळ्यांचे डोळे फाटकाकडं.

मी हाक दिली नाही.

शिट्टी मारली. लांब, आईच्या नावानं.

साहेबांनी विचारलं तेव्हा म्हणालो, मामा प्यायलेले होते. लिंबाजीचं काय, म्हणून बाई पुढं आली, तर म्हणालो, तोही पीतच होता. तोंडातून गेलं. एकच गोष्ट दोनदा सांगितली की खरी वाटते.

तिनं घागर खाली ठेवली आणि माझ्या तोंडाकडं बघितलं. पहिल्यांदाच.

२२ एप्रिल

खड्डा गप्प आहे. मी मामांच्या खुर्चीत. कस्तुरा रडते, रडू दे. पस्तावा? नाही. जशास तसं झालं, आणि मला गोड लागलं, हे इथं तरी खरं लिहितो.

फक्त शिट्टीची दोरी गळ्याभोवती आखडलीय. डोक्यातून निघत नाही.

२४ एप्रिल

दुपारी हाक आली. आवाज घोगरा नाही. ओळखीचा, लाडाचा — पुरणपोळी वाढताना होता तसाच —

वर कोन हाय?

मामांना माहीत आहे वर कोण आहे. तरी विचारतायत. कुणीतरी नाव सांगायला हवं म्हणून.

सगळ्यांना बजावलंय, उत्तर द्यायचं नाही.

२५ एप्रिल

चंद्रभान पळाला. बाकीचेही. गाड्या जागेवर उभ्या. दोरी कात्रीनं कापायला गेलो — कात्रीच तुटली —

परत हाक. दर हाकेला दोरी एक पीळ घेते.

दफ्तराच्या खोलीचं दार लावलंय. खिडकीतून शेड दिसते. भर ऊन. धुरपदाबाई तेवढी राहिलीय, पाणी भरायलीय जणू काही —

घागर ठेवली तिनं. खड्ड्याकडं चाललीय.

ओरडतोय मी, साहेबांना आत्ता लिहून देतो, लिंबाजी पीत नव्हता, लिंबाजी कधीच — आवाज फुटत नाही, दोरी —

लिंबाजी पीत नव्हता. हे बघ, लिहिलं. बाई, लिहिलं —

मामांनी पुन्हा विचारलं.

ती काठाशी वाकली. पदर खोचला. सावकाश, नीट ऐकू जावं असं सांगतेय — बन्सीधर — पाथरीचा — तुमच्या भनीचा —